थंडीच्या हंगामासाठी औद्योगिक साइटची तयारी : तात्पुरत्या हीटिंगचे पायरीपायरीने नियोजन

पारा शून्याकडे सरकू लागला की साइट ऑफिसात पहिली चौकशी होते ती भाड्याचे हीटर किती मिळतील याची. खरे तर ही चौकशी सर्वांत शेवटी व्हायला हवी. कोणत्या कामाला किती तापमान लागते, ते किती तास टिकवायचे आहे आणि उष्णता कुठून निसटणार आहे, एवढे आधी ठरले तर हीटरची क्षमता हिशेबाने निघते, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या अंदाजापेक्षा कमी निघते. बांधकाम, यंत्रांची उभारणी, प्लांटचे शटडाउन, टाक्यांची रंगाई अशा कोणत्याही कामाला पुढचा क्रम लागू पडतो.

पायरी 1 : उष्णता कशाला हवी आहे, ते लिहून काढावे

साइटचा नकाशा समोर घेऊन प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : तिथे काय गरम ठेवायचे आहे, किमान किती अंशांवर आणि किती दिवस. ताज्या काँक्रीटला साधारण 10 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान काही दिवस सलग लागते. नेहमीच्या इपॉक्सी रंगांनाही बहुधा 10 अंशांची किमान अट असते. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकावर असतो आणि तोच अंतिम मानावा. पाण्याच्या पाइपांना आणि पाण्याने भरलेल्या स्प्रिंकलर यंत्रणेला 4 अंशांच्या वर ठेवले म्हणजे पुरते. विश्रांतीच्या खोलीत मात्र माणसांना ओले हातमोजे वाळवता येतील आणि अंगातला गारठा जाईल इतकी ऊब हवी.

ही यादी केली की अनेक जागा हीटिंगमधून वगळता येतात. मोठ्या शेडच्या एका कोपऱ्यात दोन-तीन फिटर काम करत असतील, तर सगळ्या शेडची हवा तापवण्यात अर्थ नाही. तिथे इन्फ्रारेड हीटर त्यांच्या दिशेने लावावा, कारण तो हवेपेक्षा समोरची माणसे आणि पृष्ठभाग तापवतो. रंगाचे डबे, सीलंट, काँक्रीटमधली रसायने आणि बॅटऱ्या एकाच लहान इन्सुलेटेड कंटेनरमध्ये एकत्र ठेवल्या तर एका छोट्या विजेच्या हीटरवर काम भागते.

हवामानाचा अंदाज पाहताना दुपारचे तापमान विचारात घेऊ नये. पहाटेचे नीचांकी तापमान आणि वाऱ्याचा वेग हे दोन आकडे खरे. उणे 10 अंश तापमान आणि ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला तो गारठा सुमारे उणे 20 अंशांइतका बोचतो. हा वाऱ्याचा परिणाम माणसांच्या वेळापत्रकासाठी पाहायचा असतो. पाइप किंवा काँक्रीट हवेच्या तापमानाखाली केवळ वाऱ्यामुळे जात नाही, पण तिथवर फार लवकर पोहोचते, हे लक्षात ठेवावे.

पायरी 2 : जमीन गोठण्याआधी झाकावी

तयारीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे. पुढच्या काही आठवड्यांत जिथे पाया, फरशी किंवा यंत्राचा चौथरा ओतायचा आहे, ती जमीन पहिली कडक थंडी येण्याआधी इन्सुलेटेड ब्लँकेटने झाकावी आणि ब्लँकेटखाली पाणी साचू देऊ नये. गोठलेल्या मातीवर काँक्रीट ओतले तर ते खालून थंड पडते आणि पुढे माती वितळली की खचते. एकदा गोठलेली जमीन वितळवायची झाली तर गरम ग्लायकॉल फिरवणाऱ्या नळ्या अंथरून, वर ब्लँकेट टाकून दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते. ही पद्धत चांगली आहे, विशेषतः तिच्यात ज्वाला बाहेरच राहते म्हणून, परंतु जिथे वेळेत टाकलेल्या ब्लँकेटने काम झाले असते तिथे तिचा खर्च वाया जातो.

पायरी 3 : आडोसा उभारावा

तात्पुरत्या हीटिंगचे यशापयश मुख्यतः आडोशावर ठरते. परांचीच्या सांगाड्यावर ताडपत्री किंवा प्लास्टिकचे जाड शीट बांधण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्याआधी परांचीचे डिझाइन ज्याने केले त्याला विचारणे बंधनकारक समजावे. उघडी परांची वारा आरपार जाऊ देते. तिलाच शीट लावले की ती शिडासारखा वारा धरते, आणि मग भिंतीशी असलेले अँकर आणि ब्रेसिंग (तिरके आधार) त्या ओढीला पुरे पडतीलच असे नाही. छतावर साचणाऱ्या बर्फाचा भारही त्याच वेळी तपासावा आणि छताला उतार द्यावा, कारण भिजलेला बर्फ ताज्या भुसभुशीत बर्फाच्या कित्येक पट जड असतो.

शीट अग्निरोधक प्रतीचेच घ्यावे. शक्य असेल तिथे दोन थर लावून मध्ये हवेची पोकळी ठेवावी. आता आडोशाची खालची कड पाहू, कारण बहुतेक उष्णता तिथून गळते. शीट जमिनीपर्यंत आणून सोडून दिले की वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ते वीतभर उचलले जाते, बाहेरची थंड हवा खालून आत शिरते आणि वर साचलेली गरम हवा छताच्या सांध्यांतून बाहेर पडते. म्हणून शीट जमिनीवर हातभर आत दुमडावे, त्यावर फळी टाकावी आणि फळीवर वाळूच्या गोण्या ठेवाव्यात. दोन शीटांचा सांधा किमान हातभर एकावर एक येऊ द्यावा आणि दोरी प्रत्येक रिंगेतून ओवावी. एक रिंग सोडून बांधलेले शीट फडफडून फाटते. माणसांच्या ये-जा करण्याच्या दारावर मध्ये जागा सोडून दोन पडदे लावावेत, म्हणजे दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत.

शीट शटरिंगला (काँक्रीट ओतण्याच्या साच्याला) चिकटवू नये. दोन्हींमध्ये हवा फिरेल एवढी जागा असली, तरच स्लॅबच्या कडा आणि कोपरे गरम राहतात. गोठण्याची सुरुवात नेहमी त्या कडा-कोपऱ्यांपासून होते.

पायरी 4 : किती किलोवॅट लागतील, याचा हिशेब करावा

उष्णता दोन वाटांनी जाते : आडोशाच्या पृष्ठभागातून आणि बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर. पहिल्या वाटेसाठी पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले शीटचा उष्णतावहन गुणांक (एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट) गुणिले आतल्या-बाहेरच्या तापमानांतला फरक. दुसऱ्या वाटेसाठी 0.33 गुणिले तासाला होणारे हवेचे बदल गुणिले घनफळ गुणिले तोच फरक. दोन्ही उत्तरे वॅटमध्ये येतात.

समजा आडोसा 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि 5 मीटर उंच आहे, बाहेर उणे 10 अंश आहेत आणि आत 10 अंश हवे आहेत. भिंती आणि छत मिळून 560 चौरस मीटर, घनफळ 1200 घनमीटर आणि फरक 20 अंश. एकेरी शीटचा गुणांक साधारण 6 धरला तर पृष्ठभागातून सुमारे 67 किलोवॅट जातात. तासाला दोनदा हवा बदलत असेल तर आणखी 16 किलोवॅट. एकूण 83 होतात, आणि वाऱ्याच्या रात्रीसाठी पाचव्या हिश्श्याची भर घातली की 100 किलोवॅट, म्हणजे ताशी सुमारे 3,41,000 बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक).

आता याच आकड्यांत दोन बदल करून पाहावेत. शीट ढिले बांधल्यामुळे हवा तासाला सहा वेळा बदलू लागली, तर 16 चे 48 किलोवॅट होतात. उलट दोन थर लावून गुणांक 3 वर आणला, तर 67 चे जवळपास 34 होतात. दुहेरी शीटाचा खर्च एकदाच होतो, हीटरचे इंधन मात्र रोज जळते. अप्रत्यक्ष ज्वलनाच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या, पायरी 5 पाहा) डिझेल हीटरची कार्यक्षमता 85 टक्के धरली आणि एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते हे लक्षात घेतले, तर 83 किलोवॅटसाठी दिवसाला 235 लिटरच्या आसपास डिझेल लागते. दुहेरी शीटाने गरज 50 किलोवॅटवर आली तर 140 लिटर पुरतात. व्यवस्थापनापुढे दुहेरी शीटाची मागणी ठेवताना हाच हिशेब सोबत जोडावा.

एकूण क्षमता एकाच मोठ्या हीटरने भरू नये, असे माझे ठाम मत आहे. 100 किलोवॅटचा एक घेण्याऐवजी 50 चे तीन घ्यावेत. दोन चालतात आणि तिसरा रात्री बंद पडलेल्याची जागा घेतो.

पायरी 5 : हीटरचा प्रकार निवडावा

निवडीचा पहिला निकष एकच असावा : ज्वलनाचा धूर कुठे जातो? थेट ज्वलनाच्या हीटरमध्ये ज्वालेतून निघालेले सगळे वायू गरम हवेबरोबर आडोशात येतात. इंधनाची जवळजवळ सगळी उष्णता मिळते, यंत्र हलके आणि भाडेही कमी, पण सोबत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड येतो. एक किलो प्रोपेन (एलपीजीतला एक मुख्य वायू) जळाला की सुमारे 1.6 किलो पाणी आणि 3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे 100 किलोवॅटचा गॅस हीटर पूर्ण भाराने चालला, तर आडोशात ताशी 12 ते 13 लिटर पाणी वाफेच्या रूपात सोडतो. ही वाफ थंड पोलादावर, विद्युत पॅनेलवर आणि छताच्या शीटवर जमते.

अप्रत्यक्ष ज्वलनाच्या हीटरमध्ये धूर हीट एक्स्चेंजरमधून (धूर न मिसळता त्याची उष्णता हवेला देणाऱ्या भागातून) धुराड्याने बाहेर जातो आणि आत फक्त स्वच्छ, कोरडी गरम हवा येते. हा हीटर आडोशाबाहेर उभा करून डक्टने (हवा नेणाऱ्या रुंद नळीने) हवा आत घेतात. आतलीच हवा पुन्हा हीटरकडे वळवली तर इंधन बरेच वाचते. जिथे माणसे सलग काम करतात, काँक्रीट ओतले जाते, रंग किंवा गिलावा चालतो, तिथे हाच प्रकार वापरावा. थेट ज्वलनाचा हीटर मोकळ्या, खेळती हवा असलेल्या जागी, किंवा काम सुरू होण्यापूर्वी बर्फ वितळवण्यासाठी ठेवावा. कोळसा किंवा लाकडे पेटवलेले पिंप आडोशात आणि परांचीवर कधीच नको. अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत घन इंधनाच्या अशा शेगड्यांना इमारतींत आणि परांचीवर मनाई आहे.

विजेचे हीटर लहान खोल्या, भांडारे आणि पॅनेल रूम यांसाठी उत्तम, कारण त्यांत धूर नाही. मोठ्या आडोशाला ते बहुधा परवडत नाहीत, कारण तेवढा भार साइटच्या तात्पुरत्या जोडणीवर नसतो.

हीटर ठेवताना गरम हवा खाली सोडावी. ती वर चढणारच आहे. छत उंच असेल तर वर साचलेली ऊब खाली ढकलणारे मंद पंखे लावावेत. डक्ट शक्यतो सरळ आणि आखूड ठेवावा, कारण प्रत्येक वळणावर हवेचा प्रवाह घटतो आणि हीटर तापून आपोआप बंद पडू लागतो.

पायरी 6 : इंधन आणि वीज

प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो, ब्युटेन मात्र उणे 0.5 अंशालाच थांबतो. त्यामुळे कडक थंडीत जास्त ब्युटेन असलेला एलपीजी निरुपयोगी ठरतो आणि पुरवठादाराकडे मिश्रणाची आधी खात्री करावी लागते. प्रोपेनचीही मर्यादा आहे. सिलिंडरमधून वेगाने वायू ओढला की आतला द्रव स्वतःच्याच उष्णतेवर उकळतो, थंड होत जातो आणि बाहेरून पांढऱ्या हिमकणांचा पट्टा दिसू लागतो. हा पट्टा नेमका द्रवाच्या पातळीपर्यंत असतो. तो दिसला, ज्वाला लहान झाली आणि सिलिंडर अर्धा भरलेलाच असला, तर वायू संपलेला नाही. त्याची बाष्प होण्याची गती कमी पडत आहे. अशा वेळी अनेक सिलिंडर एका मॅनिफोल्डवर (सामाईक नळीवर) जोडावेत किंवा योग्य व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करणारे उपकरण) बसवून घ्यावा. सिलिंडरला ज्वालेने शेकणे हा जिवाशी खेळ आहे, आणि तो कोणाच्याही हातून घडू नये यासाठी सुपरवायझरने स्पष्ट शब्दांत सूचना द्यावी.

सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले आणि आडोशाबाहेर असावेत. ते आणि हीटर यांच्यात किमान 6 फूट, म्हणजे सुमारे 1.8 मीटर अंतर ठेवण्याचा नियम अमेरिकेत आहे आणि तो कुठेही पाळण्याजोगा आहे. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे गळलेला वायू खड्ड्यांत, चरांत आणि तळघरात उतरून साचतो. हवेत त्याचे प्रमाण 2 टक्क्यांच्या थोडे वर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने रोज करावी.

डिझेलमध्ये थंडीत मेणाचे कण जमून फिल्टर तुंबतो. हंगाम सुरू होण्याआधीच हिवाळी प्रतीचे डिझेल मागवावे आणि उन्हाळ्यातला उरलेला साठा आधी संपवावा. टाकी पाळीच्या शेवटी भरून ठेवली तर रिकाम्या भागात रात्री पाणी साचत नाही.

विजेच्या बाबतीत केबलची जाडी लांबी पाहून ठरवावी, प्रत्येक सर्किटला गळती-संरक्षण (प्रवाह गळताच वीज तोडणारी सोय) द्यावे, गुंडाळलेल्या केबलवर हीटर चालवू नये आणि जनरेटरवर एकाच क्षणी सगळे हीटर सुरू करू नयेत.

पायरी 7 : कार्बन मोनॉक्साइड आणि आग

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगार सुरक्षितता आणि आरोग्याच्या संशोधन संस्थेची शिफारस पूर्ण पाळीच्या सरासरीसाठी 35 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 35 भाग) आणि कोणत्याही क्षणी 200 पीपीएम न ओलांडण्याची आहे. 1200 पीपीएमची पातळी जिवाला आणि आरोग्याला तत्काळ धोकादायक मानली जाते. त्यामुळे ज्वाला आत असो वा बाहेर, माणसे असलेल्या प्रत्येक आडोशात आवाजी इशारा देणारा डिटेक्टर लावावा आणि एक मीटर सुपरवायझरच्या अंगावर असावा. धुराड्याचे तोंड, जनरेटर आणि उभ्या ट्रकचे इंजिन हीटर जिथून हवा ओढतो त्या बाजूला कधीही नसावे. अप्रत्यक्ष हीटर लावूनही विषबाधा होते ती याच वाटेने.

डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे एकाच वेळी दोघांना जाणवली की कारण शोधत बसू नये. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढावे, वैद्यकीय मदत बोलवावी आणि आत जाणाऱ्याने मोजणी केल्याशिवाय पाऊल टाकू नये.

आगीसाठी हीटर सपाट, न जळणाऱ्या पायावर ठेवावा आणि शीटपासून उत्पादकाने सांगितलेले अंतर राखावे. वाऱ्याने शीट आत फुगते, म्हणून ते अंतर फुगलेल्या शीटपासून मोजावे. ज्वाला विझली की इंधन तोडणारी यंत्रणा चालते का, हे पहिल्या दिवशी प्रत्यक्ष करून पाहावे. अग्निशामक हीटरच्या शेजारी नको. दाराजवळ असावा, म्हणजे आग लागल्यावर तो हाती लागतो. चालू हीटरमध्ये इंधन भरू नये.

पायरी 8 : काँक्रीट आणि रंग यांची विशेष काळजी

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट हवा 4 अंशांच्या खाली गेली किंवा संरक्षणाच्या (ओतलेले काँक्रीट थंडीपासून जपण्याच्या) काळात जाण्याची शक्यता असली, की तो काळ थंड हवामानाचा मानते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. काँक्रीटने 3.5 मेगापास्कल (ताकदीचे एकक) ताकद मिळवण्याआधी ते गोठले, तर हे प्रसरण त्याची रचना आतून तोडते आणि ती ताकद नंतर कितीही क्युरिंग (ओल आणि ऊब टिकवणे) केले तरी पूर्ण परत येत नाही. 10 अंशांवर ठेवलेले चांगले मिश्रण बहुधा दोन दिवसांत ही मर्यादा ओलांडते, म्हणून पहिल्या दोन रात्री सर्वांत जोखमीच्या.

साइटवर मिश्रण करत असल्यास पाणी तापवणे सर्वांत सोपे, कारण तेवढ्याच वजनाच्या वाळू-खडीपेक्षा पाणी चार-पाच पट उष्णता धरते. मात्र कढत पाणी थेट सिमेंटवर ओतू नये. आधी वाळू-खडीत मिसळावे, नाहीतर सिमेंट क्षणात आळते. सळया आणि शटरिंगवरचा बर्फ पूर्ण काढून, ते गरम करून मगच ओतावे.

ताज्या काँक्रीटवर थेट ज्वलनाचा हीटर सोडला, तर कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या चुन्याशी संयोग पावतो आणि फरशी कायमची भुसभुशीत राहते. हाताने घासली की पांढरी पूड येते. अप्रत्यक्ष हीटरची अडचण वेगळी आहे. उणे 10 अंशांची हवा 10 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 20 ते 25 टक्क्यांवर येते आणि अशी कोरडी हवा पृष्ठभागातले पाणी शोषून तडे पाडते. त्यावर उपाय म्हणजे डक्टचे तोंड स्लॅबवर न रोखणे आणि स्लॅब प्लास्टिकने झाकणे. तापमान हवेचे मोजून भागत नाही. कडा आणि कोपऱ्यांत काँक्रीटच्या पृष्ठभागावर सेन्सर लावावेत.

रंगकामात पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते त्या तापमानापेक्षा) किमान 3 अंश वर हवे. आतली हवा उबदार लागते, पण जाड प्लेट अजून थंडच असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते. म्हणून हीटिंग आदल्या दिवशी सुरू करावे.

पायरी 9 : पाणी, यंत्रे आणि माणसे

वापरात नसलेल्या पाइपलाइन आणि हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली उपकरणे पूर्ण रिकामी करून सर्वांत खालचे ड्रेन उघडे ठेवावेत. वापरातल्या पाइपांना हीट ट्रेसिंग (पाइपालगतची तापणारी केबल) आणि त्यावर इन्सुलेशन द्यावे. गोठलेला पाइप ज्वालेने वितळवू नये. कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनमधले पाणी रोज काढावे. हायड्रॉलिक यंत्रे भार न देता तेल गरम होईपर्यंत चालवावीत.

माणसांसाठी कामाचे तुकडे लहान करावेत, गरम खोली कामाच्या जागेजवळ असावी आणि कोणीही एकटे काम करू नये. शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. जीभ जड होणे, हातातून हत्यार सुटणे, विसंगत बोलणे ही त्याची चिन्हे त्या माणसापेक्षा सोबत्याच्या लक्षात आधी येतात.

पायरी 10 : चालवणे आणि उतरवणे

काम सुरू होण्याच्या आदल्या रात्री सगळी यंत्रणा भाराने चालवून पाहावी. रात्रपाळीला हीटरची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे असावी आणि त्याने दर दोन तासांनी आतले, बाहेरचे आणि पृष्ठभागाचे तापमान, इंधनाची पातळी आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा लिहावा. तापमान घसरल्यास मोबाइलवर सूचना देणारे सेन्सर उपयोगी पडतात, पण शीट सुटले आहे की डक्ट निखळला आहे, हे फेरी मारल्याशिवाय कळत नाही.

संरक्षणाचा काळ संपला म्हणून हीटर एकदम बंद करून शीट उतरवू नये. पृष्ठभाग झटक्यात थंड होतो, गाभा गरमच राहतो आणि तडे जातात. काँक्रीटच्या 300 मिलिमीटरपेक्षा पातळ भागाचे तापमान पहिल्या 24 तासांत 28 अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नये आणि 1800 मिलिमीटरपेक्षा जाड भागासाठी ही मर्यादा 11 अंशांवर येते. हीटर एकेक करून कमी करावेत, मग दारे उघडावीत आणि शेवटी शीट काढावे. अप्रत्यक्ष हीटरची ज्वाला बंद केल्यावर पंखा एक्स्चेंजर थंड होईपर्यंत चालू ठेवावा. लगेच वीज तोडल्यास एक्स्चेंजरला भेगा पडतात आणि पुढच्या वेळी त्या भेगांतून धूर आडोशात येतो. परत करताना किंवा गोदामात ठेवताना एक्स्चेंजरला भेगा नाहीत ना, याची तपासणी नोंदवून हीटरला चिठ्ठी बांधावी आणि डक्ट पूर्ण वाळल्यावरच गुंडाळावेत.